विश्रामकोन

बाबांनी पोळपाटावर चप्पल ठेवली तेव्हा आई देवासमोर होती, म्हणून ते दोन मिनिटं वाचले.

चप्पल माझीच होती, साधी हवाई. बाबांनी ती नळाखाली घासून आणली होती. पोळपाट टेबलावर ठेवून ते त्याची एक कड दोन बोटांनी हळूहळू वर उचलत होते.

"हेमू, नजर हलवू नकोस," ते म्हणाले. "सुटली की सांग."

पोळपाट कलत गेला. चप्पल जागची हलेना. कुठल्याही क्षणी घसरेल असं वाटत होतं आणि घसरत नव्हती. मी श्वास धरून बसले होते, आणि त्याचं मला हसूही येत होतं. पन्नाशीला टेकलेली बाई, चार दिवसांच्या रजेवर माहेरी आलेली, सकाळी सकाळी चपलेकडे टक लावून बसली होती.

"सुटली!"

चप्पल सरकली आणि चहाच्या कपाला जाऊन धडकली. बाबांनी पोळपाट तिथंच धरून ठेवला आणि मान वाकडी करून कोन न्याहाळला. "रबर चांगलं धरतं. चाकाचंही असंच धरेल. पण शेवाळ धरलं की सगळं बदललं."

"काय चाललंय?"

आईची खुर्ची दारात आली होती. पक्षाघातानंतर तिचा उजवा हात आणि पाय कामातून गेले होते. डाव्या हाताने चाक आणि डाव्या पायाने जमीन ढकलत ती घरभर फिरायची. बोलणं सावकाश झालं होतं, तोंडाच्या एकाच बाजूने यायचं. धार मात्र दोन्ही बाजूंची होती.

"प्रयोग," बाबा म्हणाले.

"पोळपाट आहे तो."

"धुतलीय चप्पल."

"मग आज भाजी तिच्यावरच वाढते तुम्हाला. धुतलेलीच आहे."

बाबांनी मुकाट्याने पोळपाट मोरीत नेला आणि घासायला बसले. आईने माझ्याकडे पाहिलं. "तूही बसलीस ना शेजारी? लहानपणी तरी अभ्यासाचं निमित्त होतं."

माझ्या वडिलांचं नाव विश्राम मालपेकर. राजापुरातल्या हायस्कुलात त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं. कललेल्या फळीवरची वस्तू हा त्यांचा सगळ्यात लाडका धडा. फळी हळूहळू उचलत न्यायची. वस्तू घसरायच्या अगदी बेतात येते, तरी घसरत नाही, तो कोन म्हणजे विश्रामकोन. हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर लिहिला त्या दिवसापासून गावाने त्यांना दुसरं नाव ठेवलं नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी व्हरांड्यात उभं राहून विचारलं, "इथे विश्राम कोण?" तर एका पोराने हात मागे बांधून घडाघडा सांगितलं, "ज्या कोनात ठेवलेली वस्तू घसरायच्या बेतात असते पण घसरत नाही, त्यास विश्रामकोन म्हणतात!" साहेबांना काही कळलं नाही. बाबांनी मात्र त्या पोराला शाबासकी दिली. तो पोरगा दहावीला विज्ञानातच गटांगळी खाऊन पुढे गवंडी झाला. त्याचं नाव सोनू चव्हाण.

त्या दिवशी सोनूच यायचा होता. आईसाठी उतरण बांधायची होती.

आमचं जुनं घर एका पावसाळ्यात पुराखाली गेलं, तेव्हा बाबांनी त्याच जागी नवं घर बांधताना जोतं कमरेएवढं उंच घेतलं. पुढे पाणी पुन्हा आलं आणि पायऱ्यांवर थांबून माघारी गेलं. बाबा कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याची खूण दाखवत होते. मग आईला झटका आला. इस्पितळातून परतली तेव्हा सोनू, गाडीचा ड्रायव्हर आणि दोघे शेजारी अशा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवलं. सबंध वेळ तिने डोळे मिटून घेतले होते. खुर्ची खाली ठेवल्यावर तिने ते उघडले आणि म्हणाली, "चौघांनी उचलायचं ते माणसाला एकदाच. यापुढे तोवर मला कुणी असं उचलायचं नाही."

"शुभ बोल गं," बाबा म्हणाले होते.

पण तिने शब्द पाळला. अंगणात ती पुन्हा उतरली नाही. पडवीच्या कडेला खुर्ची आणून आपली अबोली आणि अनंताचं झाड वरूनच बघत बसायची.

मी पुण्यात एकटी राहत होते, एका प्रकाशकाकडे संपादनाचं काम करत होते. दर सुट्टीत येऊन तेच म्हणायचे: चला माझ्याकडे. बाबा हसून विषय बदलायचे. या वेळी आले तर अंगणात चिऱ्यांची रास आणि वाळूचा ढीग. तो बघून माझा चेहरा पडला असणार. घर सोडायच्या विचारातला माणूस घराला नवं बांधकाम कशाला काढेल?

सोनू आला तो हसतच. "सर, येवढी लांब उतरण? गाडी चढवायची हाय काय पडवीत?"

"एक फूट चढायला बारा फूट चालायचं. जोतं तीन फूट."

"म्हंजे छत्तीस फूट! आंगन संपलं की हो."

"म्हणून तर पेरूच्या झाडापाशी वळवायची. मध्ये सपाट जागा ठेवायची, दम घ्यायला."

"त्यापेक्षा मी काय म्हनतो, पायऱ्यांवर दोन जाड फळ्या टाकू. एकानं मागनं धरलं की बस. काकी काय जड हायत?"

बाबांनी मोठ्या आनंदाने हात चोळले. वर्गात चुकीचं उत्तर आलं की ते असेच हात चोळायचे. "टाक फळ्या. करून बघू. हेमू, आतून तांदळाचं पोतं आण."

"पोतं?" आई म्हणाली.

"तुझ्या वजनाचं आहे."

"सांगा, गावभर सांगा माझं वजन."

आईला पलंगावर बसवून आम्ही खुर्ची रिकामी केली. पोतं खुर्चीत बसलं. बाबांनी त्याला पट्टा बांधला, वर मायेने एक थापही मारली. आई पलंगावरून खिडकीतून बघत होती. "माझ्या जागी तांदूळ बसवलेत. तेच बरे. बोलत तरी नाहीत."

सोनूने मागून खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ती फळ्यांवर घेतली. पहिलं पाऊल ठीक पडलं. दुसऱ्या पावलाला त्याच्या टाचा घसरू लागल्या. "सर... सर, हे वढतंय!" बाबा अंगणात बाजूला उभे राहून अगदी शांतपणे म्हणाले, "ओढणारच. निम्मं वजन उताराच्या दिशेला आलंय." सोनूच्या हातून मुठी सुटल्या. खुर्ची फळ्यांवरून खडखडत उतरली, अंगणभर धावली आणि वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. पोतं पट्ट्यासकट पुढे लवंडलं आणि नमस्कार घालावा तसं पालथं पडलं.

मग खिडकीतून आवाज आला, "मी वाचले का?"

आणि आई हसली. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसत होतं, दुसरं अर्धं गप्प होतं, पण डोळ्यांतून पाणी दोन्हीकडून आलं. बाबा खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि तिचं हसणं संपेपर्यंत वर बघत राहिले. सोनूने पोतं उचललं, वाळू झटकली आणि म्हणाला, "बरं सर. एकास बारा."

दुपारी आई झोपल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. बाबांनी काटकीने मातीत एक तिरकी रेघ ओढली. वर चौकोन काढला. चौकोनातून एक बाण सरळ खाली.

"हे वजन. ते कधी बदलत नाही. मग उतरण लांब करून आपण काय मिळवतो?"

"दोन बाण पडतात," मी म्हणाले. "एक फळीत दाबणारा, एक उताराने ओढणारा. कुठल्याला साइन आणि कुठल्याला कोसाइन, ते मात्र विचारू नका."

"शून्य करून बघ. फळी सपाट केली तर ओढ किती?"

"काहीच नाही."

"मग शून्याला जो शून्य होतो तो ओढीचा. एवढंच तर आहे." कुठल्याही अडचणीत ते हेच सांगायचे. माझं लग्न मोडायला आलं तेव्हाही टेलिफोनवर म्हणाले होते, तो माणूस घरात नाही असं धर, शून्य करून बघ, काय उरतं? मी बघितलं होतं. शांतता उरत होती.

"आई आणि खुर्ची मिळून साठ किलो," ते म्हणाले. "एकास बारा केलं की हातावर पाच. बाकीचं सगळं जमीन उचलते. पाच किलो कुणीही धरू शकतं. तूसुद्धा."

"मीसुद्धा म्हणजे?"

"आणि एक. उतरताना खुर्ची उलटी घ्यायची. धरणारा खाली, बसणारा वर. तिचं तोंड घराकडे, तुझं तिच्याकडे. सुटली तरी तुझ्यावर येईल, पुढे जाणार नाही."

मी मान हलवली. मग तोच विषय काढला. पुण्याच्या घराला लिफ्ट आहे. इस्पितळ कोपऱ्यावर आहे. व्यायाम करून घेणारी बाई घरी येते. जिना नाही, पूर नाही, शेवाळ नाही.

"आणि?" बाबांनी विचारलं.

"खालीच बाग आहे. आईला बसता येईल."

"आणि?"

"आणि काय, बाबा? एवढं पुरे नाही का?"

त्यांनी काटकीने चौकोनाला दोन चाकं काढली. "पुरे आहे. आणखी काही असलं तर सांग, एवढंच." मला काहीतरी सांगायचं होतं. पण तेवढ्यात आतून आईने हाक मारली आणि मी उठले. उठायला निमित्त मिळालं याचं मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फक्कीचा डबा घेऊन अंगणात उतरले. सोनूला खोदाईसाठी आखणी करून द्यायची होती. मी पडवीतून चहाला हाक मारली तेव्हा पांढरी रेघ पेरूपर्यंत गेली होती आणि बाबा पेरूला टेकून बसले होते. दमले असतील असं मला वाटलं. दुसरी हाक मारली. डबा त्यांच्या मांडीवरून कलंडला आणि फक्की पायावर सांडली, तरी त्यांनी पाय हलवला नाही.

सोनूच्या टेंपोतूनच त्यांना इस्पितळात नेलं. सोनू आणि मी बाहेर बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आतलं दार उघडलं. हातात कागद घेतलेली एक तरुण नर्स बाहेर आली आणि सगळ्या बाकांकडे बघत तिने विचारलं, "विश्राम कोण?"

सोनूने तोंड उघडलं. ते उत्तर त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, सबंध व्याख्या. मलाही हसू फुटलं. खरंच फुटलं. नर्स चमकून माझ्याकडे बघू लागली. मग सोनूने ओठ मिटले, डोक्याचा रुमाल काढून तोंडात कोंबला आणि हा दांडगा माणूस हमसून हमसून रडायला लागला. तिने पुढे काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

घरून त्यांना नेताना चौघांनी उचललं. पायऱ्या उतरताना पुढच्या दोघांनी हात उंच धरले, मागचे दोघे वाकले, तरी ते पुढे कललेच. आई पडवीच्या कडेला खुर्चीत होती. याच्या पलीकडे तिला येता येत नव्हतं. सोनू पुढच्या बाजूला होता.

"सावकाश," आई म्हणाली. "सोनू, सावकाश घे."

माणसं फाटकाबाहेर गेली. अंगणातली फक्कीची रेघ त्यांच्या पायांनी पुसली होती.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. माझी वाढवलेली रजाही संपत आली. मी आईपाशी बसले. "आई, आता तरी चल."

"आधी उतरण होऊ दे," ती म्हणाली.

"उतरणीचं काय आता?"

"होऊ दे म्हणते ना."

मनात म्हटलं, झालं. एक गेले, पण हट्ट मागे ठेवून गेले. आता ही या जोत्यावर एकटी बसून राहणार आणि मी तिकडून टेलिफोन करत राहणार. मी बिनपगारी रजेचा अर्ज पाठवला आणि सोनूला बोलावलं.

त्याने रेघ पुन्हा आखली, माझ्याकडून मापं दोनदा मोजून घेतली. चिरे बसवले, आत दगड-मुरूम भरला, वर सिमेंट ओढून ओलं असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा मारल्या, चाकं धरावीत म्हणून. पाण्याची नळी लावून चढ पुन्हा पुन्हा तपासायचा. शेजारच्या कुणीतरी म्हटलं, थोडी आखूड केली असती तरी चाललं असतं. "नको बाबा," सोनू वर बघत म्हणाला. "सर खडू मारतील."

उतरण सुकली त्या सकाळी आईने मला ठेवणीतलं सुती पातळ काढायला सांगितलं. केस विंचरून घेतले. सोनू मदतीला उभा होता, त्याला तिने पेरूपलीकडे जाऊन थांबायला सांगितलं. "लागलास तर हाक मारते."

मी खुर्ची वळवली. आईची पाठ अंगणाकडे झाली, तोंड घराकडे. खुर्चीमागे जाऊन मी मुठी धरल्या. पण अशाने मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता. बाबा म्हणाले होते, तुझं तोंड तिच्याकडे. तेव्हा तो अंबाडा त्यांनी विचारात घेतला होता की नाही कोण जाणे. आईने मात्र डावीकडे मान वळवून माझ्याकडे बघून घेतलं. "चल."

मी एक पाऊल मागे घेतलं. मागची चाकं कडेवरून उतरली. मी सगळं अंग आवळून तयार होते, सोनूच्या टाचा कशा घसरत गेल्या ते डोळ्यांसमोर होतं. पण हातांवर आलं ते इतकं थोडं होतं की मी थबकले. आई माझ्यावर रेलत होती, तेवढंच. तिचं बाकीचं वजन खाली कुठेतरी, चिऱ्यांनी, मुरमाने, ज्याने कुणी घेतलं होतं.

"जड झाले?"

"नाही गं."

आणखी एक पाऊल. आणखी एक. खराट्याच्या रेघांवरून चाकं बारीक कुरकुरत होती. आम्ही पेरूपाशी वळणाच्या थोडं अलीकडे आलो तेव्हा आई घराकडे बघत म्हणाली, "हे म्हणायचे, उतरण झाली की पुण्याला जाऊ."

मी थांबले. सपाट जागा अजून चार पावलं खाली होती. खुर्ची हातांत तशीच धरून उभी राहिले.

"पुण्याला?"

"मग कशाला बांधत होते?"

"मला वाटलं, तुम्हाला इथंच राहायचंय म्हणून."

आईने मान वळवली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभरावर होता. "मला चौघांनी उचलून घराबाहेर काढलेलं नको होतं. उतरून यायचं होतं मला तुझ्याकडे, अशी, बसून. यांनी कबूल केलं होतं. तेवढ्यासाठी चालली होती सगळी खटपट."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? मी दर वेळी विचारत होते, आई. त्या दिवशीसुद्धा पायरीवर बसून..."

"तू सांगशील म्हणून हे वाट बघत होते."

"मी किती वेळा सांगितलं!"

"लिफ्ट सांगितलीस. इस्पितळ सांगितलंस. ती व्यायामाची बाई सांगितलीस." शब्द एकेक करून तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून येत होते आणि ती एकही गाळत नव्हती. "हे म्हणायचे, पोरगी कारणं सांगते, कारण सांगत नाही. लिफ्टसाठी कुणी घर सोडतं का? ती स्वतःहून सांगेल त्या दिवशी निघू. नाहीच सांगितलं तरी निघू, पण सांगितलं तर बरं."

पेरूपलीकडे सोनू पाठ करून उभा होता. माझ्या हातांवर ती तेवढीच रेललेली होती, कमी नाही, जास्त नाही. मुठी सोडून तोंड पुसायचीही सोय नव्हती.

"त्यांना नाही सांगितलंस," आई म्हणाली. "मला सांग. मी कशाला हवी आहे तुला तिकडे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने खालची बागच ओठांवर आली. ती मी गिळली.

"मला तिथं एकटीला करमत नाही, आई," मी म्हणाले. "कधीच करमलं नाही. मला तुम्ही दोघं हवे होतात."